दीड एकर वावर आणि लाल टोपीची सिरिंज: टाइप वन मधुमेहाचं एक प्रकरण

मार्चमधला सोमवार होता, आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. ओपीडीची गर्दी ओसरल्यावर एक बाप आत आला. पोरीला त्यानं बाहेर बाकावर बसवलं होतं. खिशातून मोबाइल काढून त्यानं एक व्हिडिओ लावला आणि फोन टेबलावर माझ्यापुढं ठेवला. पांढरा कोट घातलेला एक माणूस हिंदीत सांगत होता, की स्टेम सेल टाकले की टाइप वन डायबिटीस मुळापासून जातो आणि इन्शुलिन कायमचं सुटतं. खाली फोन नंबर होता.

"डॉक्टर साहेब, मले खोटं नका सांगू," तो म्हणाला. "हे खरं हाय का? दीड एकर वावर इकाले काढलं मी. येत्या मंगळवारी इसार भेटते."

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. टाइप वनची पोरं माझ्याकडं फार नाहीत, पण जी आहेत त्यांना मी वर्षानुवर्षं ओळखतो. ही त्यांतलीच एक. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजार, चूक आणि उपाय मात्र जसे घडले तसेच लिहिले आहेत.

आधीची हकीकत

मुलगी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, एसटीनं कॉलेजला येजा करणारी. चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. आजार कळला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दोन महिने सारखी तहान, रात्री चार-चारदा लघवी, अंगावरचे कपडे ढिले पडलेले. घरच्यांना वाटलं जंत झाले असतील. मग एक दिवस उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला आणि पोरगी बेशुद्ध झाली. सरकारी दवाखान्यात शुगर पाचशेच्या वर निघाली, लघवीत कीटोन, म्हणजे इन्शुलिनअभावी चरबी जळून होणारी आम्लं, सापडली. तिथं ती वाचली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्शुलिन, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र केलेलं, चालू होतं.

मधली सात वर्षं बरीवाईट गेली. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, नऊ-दहाच्या घरात असायचं. ते चांगलं नव्हतंच, पण जिवावर बेतेल असंही काही घडलं नव्हतं. खरा त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. पहाटे चारच्या सुमाराला आईला घशातली घरघर ऐकू यायची. पाहावं तर पोरगी घामानं चिंब, डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ नाही. असं चारदा झालं. एकदा हातपाय ताठ होऊन झटका आला. कुणीतरी मिरगीच्या गोळ्या लिहून दिल्या. आजीनं उतारा काढला. आईला जे सुचलं ते तिनं केलं, तोंडात साखरपाणी ओतलं. ते श्वासनळीत गेलं नाही, हे नशीब.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. शुगर उतरताना आधी थरथर होते, छातीत धडधडतं, भूक लागते. हिला यातलं काहीच जाणवत नव्हतं. शुगर वारंवार खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवणंच सोडून देतं. दिवसा कॉलेजात बसल्या बसल्या बावन्न शुगर असायची आणि ही मैत्रिणीशी बोलत असायची.

बापाच्या डोक्यात दुसरंही एक ओझं होतं. "पोरगी उजवायची हाय, साहेब. दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. सुईचं ऐकलं का पुन्हा फोनच नाही करत." त्या व्हिडिओवाल्यांनी साडेचार लाख सांगितले होते. कंबरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातले स्टेम सेल वेगळे करायचे आणि सलाइनमधून परत सोडायचे. तीन दिवसांत घरी. अकरा हजार टोकन यानं भरूनही टाकलं होतं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर

"सगळं थोतांड आहे" असं म्हणून त्याला परत पाठवणं सोपं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि त्यानं खरंच सांगा म्हटलं होतं. मी त्याला म्हटलं, "भाऊ, गोष्ट खरी आहे. पण तुम्हाला जे विकतायत ते ती गोष्ट नाही." मग दोन खुर्च्या जवळ ओढल्या आणि पोरीलाही आत बोलावलं. आजार तिचा होता.

स्वादुपिंडात पेशींचे बारीक पुंजके असतात. १८६९ मध्ये पाउल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याला ते सूक्ष्मदर्शकाखाली बेटांसारखे विखुरलेले दिसले, म्हणून त्यांना आयलेट म्हणजे बेटं म्हणतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. टाइप वनमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच या पेशींवर उलटते. कुंपणानंच शेत खाल्लं, असं मी म्हटलं तेव्हा बापानं मान हलवली. त्याला वेगळं समजावायची गरज पडली नाही.

मग नवी बेटं लावता येतील का? लावता येतात. कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शापिरो यांच्या चमूनं २००० साली सात रुग्णांचा अहवाल दिला. मृत दात्यांच्या स्वादुपिंडातली बेटं काढून त्यांनी ती यकृताकडं जाणाऱ्या मोठ्या शिरेत सोडली, आणि सातही जणांचं इन्शुलिन सुटलं. अडचण दात्यांची होती. एका रुग्णाला बहुधा एकाहून जास्त स्वादुपिंडं लागतात. जिथं किडनीसाठीच माणसं वर्षानुवर्षं थांबतात, तिथं हे किती जणांना पुरणार?

स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशी. त्यांचं महत्त्व इथं आहे. दात्याची वाट न पाहता बेटं प्रयोगशाळेतच वाढवायची. हार्वर्डचे डग्लस मेल्टन यासाठी वर्षानुवर्षं खपले. त्यांच्या स्वतःच्या मुलाला तान्हेपणी आणि पुढं मुलीलाही टाइप वन झाला होता. गर्भात स्वादुपिंड ज्या क्रमानं घडतं तोच क्रम पेशींकडून करवून घ्यायचा, टप्प्याटप्प्यानं वेगवेगळी रसायनं देत, कित्येक आठवडे. २०१४ मध्ये त्यांच्या चमूनं अशा बीटा पेशी तयार करून दाखवल्या. यातूनच पुढं व्हर्टेक्स कंपनीचा झिमिस्लेसेल हा उपचार आला. त्याच्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा, म्हणजे सुमारे ८० कोटी पेशी, एकदाच दिलेले बारा जण होते. वर्षभरानंतर बारापैकी दहा जणांना इन्शुलिन लागत नव्हतं. बाराही जणांचं एचबीए१सी सातच्या खाली आलं होतं आणि बेशुद्ध पाडणारा हायपो, म्हणजे शुगर फार खाली जाणं, एकालाही उरला नव्हता.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ नुसता बसून राहिलो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिनची पहिली सुई मिळाली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. त्या शंभर वर्षांत सुई बारीक झाली, इन्शुलिन शुद्ध झालं, पण प्रत्यारोपण झालेले मोजके जण सोडले तर ते सुटलं नव्हतं.

"मंग आपल्याले काहून नाही भेटत?" बापानं विचारलं.

कारण पेशी लावल्या तरी कुंपण तेच असतं. त्यानं जुनं पीक खाल्लं तसं ते नवंही खाणार. म्हणून या रुग्णांना संरक्षण यंत्रणा दाबून ठेवणारी औषधं घ्यावी लागतात, टॅक्रोलिमस, सिरोलिमस अशी, आणि पेशी टिकवायच्या असतील तोवर रोज. त्या चाचणीत दोन मृत्यू झाले. एक मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गानं, दुसरा त्या रुग्णाला आधीपासून असलेला मेंदूचा विकार बळावल्यानं. आपल्याकडं घराघरात टीबीचा इतिहास आहे. ही औषधं घेणाऱ्याच्या अंगात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. टॅक्रोलिमस किडनीला त्रास देतं, त्याचं रक्तातलं प्रमाण पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. मूल हवं असेल तर सिरोलिमस आधीच थांबवावं लागतं. लग्नासाठी म्हणून हा उपचार शोधणाऱ्या बापाला हे सांगणं मला भागच होतं. तो गप्प झाला. पोरीनंच विचारलं, "म्हणजे सुई सुटन आन् गोळ्या लागन?" हो, तेच.

म्हणूनच ही चाचणी अठरा वर्षांवरच्या, वारंवार बेशुद्ध पडणाऱ्या आणि शुगर उतरल्याचं न कळणाऱ्या रुग्णांपुरती ठेवली होती. ज्याला सुईवर नीट जगता येतं त्याला या औषधांच्या तोंडी देणं परवडत नाही.

औषधांशिवाय जमवायचे प्रयत्नही चालू आहेत. पेशी जाळीच्या डबीत बंद करून ठेवायचा व्हर्टेक्सचाच एक प्रयत्न फळला नाही, २०२५ च्या मार्चमध्ये तो थांबवला गेला. स्वीडनमध्ये उप्सला इथं दात्याच्या बेटांमध्ये जनुकीय बदल करून ती एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत ठेवली. कुठलंही दाबणारं औषध न देता ती टिकली आणि इन्शुलिन बनवू लागली. मात्र मात्रा अगदी थोडी होती, त्यामुळं त्याची सुई चालूच राहिली. चीनमध्ये त्येनचिन इथं २०२३ मध्ये पंचवीस वर्षांच्या एका तरुणीच्या स्वतःच्याच पेशींपासून बेटं बनवून पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली लावली. पंचाहत्तर दिवसांत तिचं इन्शुलिन सुटलं. पण तिचं यकृत आधी बदललेलं असल्यानं ती दाबणारी औषधं घेतच होती. त्यामुळं स्वतःच्या पेशींना कुंपण खात नाही, असं त्यावरून म्हणता येत नाही.

आता कंबरेच्या हाडातला मगज. त्यातल्या पेशी रक्त तयार करतात, काही हाडं-चरबी तयार करतात. सलाइनमधून सोडल्या म्हणून त्या स्वादुपिंडात जाऊन बीटा पेशी होत नाहीत. मी बापाला संत्र्याचं उदाहरण दिलं. वरुड-मोर्शीकडं जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, ते कलम जपतात, तेव्हा कुठं बाग उभी राहते. कुणी जंबेरीच्या बिया मूठभर वावरात फेकून म्हणेल यातून संत्री निघतील, तर तुम्ही त्याला पैसे द्याल का?

नियमही स्पष्ट आहेत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा कुठलाही वापर मंजूर चाचणीतच करता येतो, आणि त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. मी बापाला तिथूनच फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. त्यानं विचारलं, चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी नंबर काय? पलीकडची बाई म्हणाली, वो सब सर बताएंगे, आप पहले बाकी अमाउंट का बताइए. त्यानं फोन ठेवला. टोकनचे अकरा हजार आजतागायत परत मिळालेले नाहीत.

सिरिंज

इथपर्यंत तासभर गेला होता. बाप उठायला लागला तेव्हा मी सहज म्हणून पोरीला विचारलं, "सुईचं सामान आणलंस का? संध्याकाळी जशी घेते तशी भरून दाखव."

तिनं पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. त्यात लाल टोपीची सिरिंज होती आणि सोबत पेनमध्ये बसवायची काचेची बारीक कार्ट्रिज. पेन नव्हता. तिनं कार्ट्रिजच्या रबरात सुई खुपसली आणि सफाईनं चौदा रेघांपर्यंत इन्शुलिन ओढलं. हवेचा बुडबुडा टिचकी मारून काढला. हात एवढा सरावलेला, की कुणालाही वाटावं हिला सगळं येतं.

माझ्या पोटात गोळा आला.

लाल टोपीची सिरिंज ४० युनिटवाल्या बाटलीसाठी असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट असतात. लाल सिरिंजच्या एका रेघेत बाटलीतलं एक युनिट येतं, पण कार्ट्रिजमधलं अडीच. चौदा रेघा म्हणजे पस्तीस युनिट. रात्रीच्या जेवणाआधी चौदाच्या जागी पस्तीस घेऊन पोरगी झोपत होती आणि पहाटे चारला बेशुद्ध होत होती.

मग हळूहळू उलगडलं. नागपूरच्या मामानं मागच्या वर्षी पेन आणि कार्ट्रिज पाठवले. पेन दिवाळीत पडून फुटला, कार्ट्रिज उरल्या. औषध महागाचं, टाकवत नाही. सरकारी दवाखान्यातून बाटली मिळाली तर बाटली, संपली तर कार्ट्रिज, सिरिंज मात्र तीच. बाटलीच्या दिवसांत शुगर तीनशेच्या वर, कार्ट्रिजच्या दिवसांत पन्नासच्या खाली. तिच्या वहीतले आकडे मी दोनदा पाहिले होते आणि दोन्ही वेळा "जेवणाचं टाइमिंग पाळ" एवढं सांगून सोडून दिलं होतं. किती घेतेस विचारलं की ती "चौदा" म्हणायची. मीही चौदाच लिहायचो. भरून दाखव, असं कधी म्हटलं नाही. ही माझी चूक आहे, आणि इथं लिहिण्याचं एक कारण तेही आहे. टाइप वनच्या रुग्णाला दर भेटीत सुई समोर भरायला लावा. त्याला दोन मिनिटं लागतात.

पोट तपासलं तेव्हा बेंबीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ हाताला लागली. तिथं टोचलं की दुखत नाही, म्हणून तिथंच टोचत होती. अशा गाठीतून इन्शुलिन कधी उशिरा, कधी एकदम रक्तात येतं. वर-खाली होण्याचं हे दुसरं कारण.

काय बदललं

कार्ट्रिज मी ठेवून घेतल्या. मिश्र इन्शुलिन बंद केलं. तिन्ही जेवणांआधी लवकर काम करणारं साधं, रात्री झोपताना सावकाश काम करणारं दुधाळ एनपीएच, दोन्ही ४० युनिटच्या बाटलीतलं, दोन्ही लाल टोपीनं. पोटाचे चार भाग पेनानं आखून दिले, आठवड्याला एक, गाठीची जागा बंद. मिरगीच्या गोळ्या तज्ज्ञाला विचारून थांबवल्या.

पहिले सहा आठवडे शुगर मुद्दाम थोडी वर ठेवली, १२० ते २०० च्या दरम्यान. हायपो पूर्ण टाळला तर काही आठवड्यांत थरथर, धडधड पुन्हा जाणवू लागते, हे माहीत असलेलं शास्त्र आहे. शुगर तपासायची पट्टी पंधरा-वीस रुपयांची, दिवसाला पाच परवडणार नव्हत्या. म्हणून जेवणाआधीच्या रोज दोन आणि आठवड्यात दोन रात्री तीन वाजता एक, असं ठरवलं. पहाटेच्या पट्टीसाठी आई उठायची.

आईला शिकवलं, की बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं, गालाच्या आत चिमूटभर साखर चोळायची आणि १०८ ला फोन. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टी. कापूस वेचायला जायचं त्या दिवशी दुपारची मात्रा कमी आणि ओच्यात गुळाचा खडा.

उन्हाळ्यात इन्शुलिन ठेवायचं कुठं हा प्रश्न आमच्याकडं खरा असतो. मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो आणि लाइन दिवसातून कितीदा जाईल सांगता येत नाही. त्यांच्या घरी मोठं मडकं, त्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं, अशी सोय केली. बाटली कोरड्या डबीत बंद. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि आत चांगलं थंड राहतं. आजीनं रोज रेती भिजवायचं काम स्वतःकडं घेतलं.

जुलैपर्यंत

सातव्या आठवड्यात ती एकटीच आली. "सर, काल कॉलेजात हात थरथरले. पट्टी लावली तं अडुसष्ट." ती हसत होती. शुगर उतरल्याचं सांगताना मी कुणाला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

मार्चपासून बेशुद्ध पडली नाही. एचबीए१सी १०.४ वरून ८.३ वर आलं. अजून ते हवं तिथं नाही. जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत दोन दिवस दुपारची सुई चुकली आणि शुगर ३८० गेली, ते घडलंच. शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतं ते दाखवणारं सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य आहे, म्हणजे तिच्या स्वतःच्या बेटांत आता काही उरलेलं नाही. लघवीतलं अल्ब्युमिन, ज्यावरून किडनीचं नुकसान लवकर कळतं, सध्या ठीक आहे. डोळ्यांचा पडदा मी सेवाग्रामला दाखवायला सांगितला होता, तिथं काही बिघाड नाही. १९९३ साली संपलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात शुगर काटेकोर ठेवलेल्यांमध्ये डोळ्याच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं होतं. बापाला मी हा आकडा सांगितला, कारण त्याचा पुढचा प्रश्न मला माहीत होता.

"ते खरंवालं आपल्याकडं येईन तवा हिले भेटन का?"

तेव्हा किडनी चांगली असली, शरीरात संसर्ग नसला, तर तिला विचारता येईल. किडनी दुबळी झालेली असेल तर टॅक्रोलिमससारखं औषध तिला आणखी त्रास देईल. आज मात्र, बेशुद्ध पडणं थांबलंय आणि थरथर कळायला लागलीय म्हणून, ती त्या चाचणीच्या यादीत बसणारच नाही. तिला बसायची गरज राहू नये, हेच मला हवं होतं.

इसार त्यानं घेतला नाही. त्या दीड एकरात यंदा तूर आहे. लग्नाचं अजून कुठं जुळलेलं नाही. पोरगी म्हणते आधी पदवी. आईला ते पटत नाही, बापाला अर्धंमुर्धं पटतं. पुढची तारीख पोळ्यानंतरच्या सोमवारी दिली आहे. लघवीची तपासणी, गाठ किती विरघळली ते पाहणं, आणि सिरिंज माझ्यासमोर भरणं.